नीस : हिवाळ्यासाठी वसलेले शहर, उन्हाळ्याच्या आरंभी

फ्रान्सच्या आग्नेय कोपऱ्यात, इटलीच्या सरहद्दीपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेले नीस हे आज भूमध्य समुद्रकाठच्या उन्हाळी विहाराचे अग्रगण्य ठिकाण मानले जाते. परंतु या शहराचे समुद्रालगतचे रस्ते, टेकडीवरील प्रासादतुल्य हॉटेले आणि परदेशी झाडांच्या बागा ज्या काळात घडल्या, त्या काळात उन्हाळ्यात नीसला जाणे कोणाही सुज्ञ युरोपीय प्रवाशाला अविचाराचे वाटले असते. युनेस्कोने जुलै २०२१ मध्ये नीसचा जागतिक वारसा यादीत समावेश केला तो हिवाळी विश्रामनगर म्हणून, उन्हाळी म्हणून नव्हे. मे महिन्याचा उत्तरार्ध आणि जून महिना या दिवसांत नीस पाहणाऱ्याला एका ऋतूसाठी बांधलेले शहर दुसऱ्या ऋतूत वापरले जाताना दिसते, आणि गर्दी अजून दाटलेली नसल्याने हा विरोध त्याला निवांतपणे न्याहाळता येतो. ज्या हंगामावर हे शहर जगते तो निसर्गाने ठरवून दिलेला नसून वैद्यक, रेल्वे, फॅशन आणि कामगार कायदे यांनी घडवलेला आहे, हे एकदा ध्यानात आले की शहरातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

निसर्गाचा वाटा अर्थातच मोठा आहे. नीसच्या पाठीशी आल्प्स पर्वताच्या रांगा जवळजवळ समुद्रापर्यंत उतरून आलेल्या आहेत आणि उत्तरेकडील थंड वारे त्या अडवतात. रोन नदीच्या खोऱ्यातून घोंघावत येणारा आणि मार्सेलच्या परिसराला हैराण करणारा 'मिस्त्राल' हा कोरडा, गार वारा येथे फारसा पोहोचत नाही. त्यामुळे जानेवारीतही सरासरी तापमान नऊ अंशांच्या आसपास राहते आणि लिंबू, संत्री व ऑलिव्हची झाडे तग धरतात. जूनमध्ये दिवसाचे कमाल तापमान चोवीस-पंचवीस अंशांवर असते. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटतो, त्यामुळे ऊन प्रखर असूनही ते अंगावर येत नाही. नीस ४३.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सव्वापंधरा तासांहून मोठा असतो आणि सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, ही बाब भारतातून जाणाऱ्या प्रवाशाने दिवसाचा बेत आखताना आवर्जून लक्षात घ्यावी.

या हवामानाचा खरा विशेष पावसाच्या वेळापत्रकात आहे. भूमध्य हवामानात पाऊस मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो, तर उन्हाळा कोरडा जातो. नीसमध्ये ऑक्टोबरमध्ये साधारण सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैमध्ये मात्र सरासरी पंधरा मिलिमीटरही पडत नाही. उन्हाळ्यात अटलांटिक महासागरावरील उपोष्ण कटिबंधीय उच्च दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो. उच्च दाबाच्या प्रदेशात हवा वरून खाली उतरते, खाली येताना ती दबून तापते आणि कोरडी होते, म्हणून ढग तयार होत नाहीत. या प्रक्रियेत भारतीय पावसाळ्याचाही हात असतो, हे मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. दक्षिण आशियावर मॉन्सूनचे ढग बनताना बाष्पातून जी प्रचंड उष्णता मुक्त होते, तिच्यामुळे वातावरणात पश्चिमेकडे पसरत जाणारी हालचाल निर्माण होते आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व भागावर हवा खाली उतरू लागते. हा परिणाम ग्रीस, तुर्कस्तान या बाजूला अधिक असतो आणि पश्चिमेकडील नीसपर्यंत तो क्षीण होत जातो. तरीही जूनमध्ये कोकणात कोसळणारा पाऊस आणि भूमध्य समुद्रावरचे निरभ्र आकाश या एकाच वातावरणाच्या परस्परांशी जोडलेल्या दोन बाजू आहेत.

नीसचा इतिहास पर्यटनाहून फार जुना आहे. मार्सेलमधील ग्रीक वसाहतकारांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या मध्यास येथे 'निकाया' हे ठाणे वसवले, रोमनांनी शेजारच्या सिमिए टेकडीवर आपले प्रांतिक केंद्र उभारले, आणि १३८८ पासून हा मुलूख सॅव्हॉय घराण्याच्या अमलाखाली आला. किनाऱ्यालगत ९२ मीटर उंचीच्या टेकडीवर असलेला भक्कम किल्ला चौदाव्या लुईच्या आज्ञेने १७०६ मध्ये पाडण्यात आला. लोक आजही त्या जागेला किल्ला म्हणतात, मात्र तेथे किल्ला नसून बाग, धबधबा आणि दफनभूमी आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घडामोड सुरू होते ती अठराव्या शतकात, इंग्रज प्रवाशांच्या आगमनाने.

टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश लेखक आणि वैद्य क्षयासारख्या दुखण्याने जर्जर होऊन १७६३ च्या अखेरीस नीसला आला, दीडेक वर्ष राहिला आणि १७६६ मध्ये त्याने फ्रान्स व इटलीच्या प्रवासावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याला जोडून त्याने नीसच्या हवामानाची तारीखवार नोंदही छापली, आणि या नोंदीमुळे इंग्लंडच्या दमट थंडीने गांजलेल्या वाचकांना या गावाचे नाव कळले. मे महिन्याच्या आरंभी त्याने समुद्रात स्नान करायला सुरुवात केली तेव्हा गावकरी थक्क झाले, आणि असा रोगी थंड पाण्यात उतरला तर तत्काळ मरेल असे भाकीत काही वैद्यांनी केले, असे त्याने लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात त्याला बरे वाटू लागले. उन्हाळ्याच्या तोंडावर नीसच्या समुद्रात हौसेने उतरणाऱ्या पर्यटकाची ही बहुधा सर्वांत जुनी तपशीलवार नोंद असावी. पुढची दीडशे वर्षे मात्र त्याचा कित्ता फारसा कोणी गिरवला नाही. इंग्रज सरदार-दरकदार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येत, समुद्राकडे पाहत, त्याच्या काठाने फिरत आणि एप्रिल संपताच परतत.

फिरण्यासाठी त्यांना वाट हवी होती. १८२० च्या सुमारास कडक थंडीने संत्र्यांच्या बागा जळाल्या आणि मजूर उपाशी पडले, तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या देशबांधवांकडून वर्गणी जमवली आणि त्या मजुरांच्या हातून किनाऱ्यालगत सुमारे दोन मीटर रुंदीची पायवाट करवून घेतली. 'प्रोमनाद देझांग्ले', म्हणजे इंग्रजांचा विहारमार्ग, या नावाने आज ओळखला जाणारा आणि सुमारे सात किलोमीटर पसरलेला रस्ता त्या दुष्काळी कामातून जन्मला. त्याचे आजचे रुंद रूप १९३१ मध्ये पुरे झाले. या विहारमार्गावरूनच शहराची ओळख करून घेणे सोयीचे असते, कारण त्याच्या एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस दोन शतकांचे बांधकाम एका ओळीत उभे आहे. १४ जुलै २०१६ च्या रात्री राष्ट्रीय दिनाच्या आतषबाजीसाठी जमलेल्या जमावावर येथेच ट्रक घालण्यात आला आणि ८६ माणसे मारली गेली. हा आघात नीसकरांच्या मनात ताजा आहे आणि पाहुण्यानेही या रस्त्यावर त्याचे भान ठेवावे.

१८६० मध्ये नीस तहानुसार आणि सार्वमतानंतर फ्रान्समध्ये सामील झाले. इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी याचा जन्म याच गावचा, त्यामुळे ही सामिलकी त्याला आयुष्यभर सलत राहिली. १८६४ मध्ये रेल्वे आली आणि गावाचे रूप झपाट्याने पालटले: १८६१ मध्ये सुमारे ४८ हजार असलेली लोकसंख्या १९११ पर्यंत १ लाख ४३ हजारांच्या आसपास पोहोचली. मात्र ही वाढ बेशिस्त नव्हती. १८३२ मध्ये, म्हणजे सॅव्हॉय घराण्यातील सार्डिनियाच्या राजाच्या अमलातच, 'कोन्सिल्यो दोर्नातो' हे नगररचना मंडळ स्थापन झाले होते आणि रस्त्यांच्या रेषा, इमारतींची उंची व दर्शनी भागांचे रंग यांवर त्याची नजर असे. बंदराजवळच्या चौकांतील गेरूच्या व पिवळ्या रंगाच्या, हिरव्या झडपांच्या इमारतींमध्ये जो एकसारखेपणा दिसतो तो या मंडळाच्या शिस्तीतून आलेला आहे. पर्यटनाच्या पैशावर वाढलेल्या शहरांमध्ये इतकी दूरदृष्टी विरळा, आणि युनेस्कोच्या मान्यतेचे मोठे श्रेय या मंडळालाच दिले पाहिजे.

रशियन उमराव आले, त्यांच्या पाठोपाठ राजघराणेही आले. १८६५ मध्ये रशियाचा युवराज निकोलाय येथेच मरण पावला, आणि त्याच्या स्मारकाशेजारी १९१२ मध्ये पुरे झालेले कांद्याच्या आकाराच्या घुमटांचे भव्य चर्च आज पाइन आणि ताडवृक्षांच्या सान्निध्यात उभे आहे. राणी व्हिक्टोरिया १८९५ ते १८९९ या पाच वर्षांत दर वसंतात सिमिए टेकडीवर मुक्कामाला येई; १८९७ मध्ये बांधलेले 'रेजिना' हे अजस्र हॉटेल प्रामुख्याने तिच्या वास्तव्याच्या अपेक्षेने उभारले गेले. तिचा भारतीय सेवक आणि उर्दूचा शिक्षक मुन्शी अब्दुल करीम तिच्याबरोबर येथे येत असे, आणि १८९७ मध्ये त्याला सोबत नेऊ नये म्हणून राणीच्या दरबारी मंडळींनी केलेला विरोध तिने मोडून काढला होता. ही आलिशान हॉटेले समुद्रापासून दूर, उंच टेकडीवर का बांधली गेली, असा प्रश्न आजच्या पाहुण्याला पडतो. त्याचे उत्तर असे की त्या पाहुण्यांना पाणी नको होते, दक्षिणेचे ऊन आणि कोरडी हवा हवी होती.

या वैभवाच्या मुळाशी आजार होता, हे प्रवासी पुस्तिका सहसा सांगत नाहीत. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये शोधला, पण त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे या रोगावर हवापालटाखेरीज इलाज नव्हता, म्हणून युरोपभरचे रोगी मोठ्या आशेने येथे येत आणि त्यांतील अनेक जण परत जात नसत. किल्ल्याच्या टेकडीवरील दफनभूमीत इंग्रजी, रशियन, जर्मन नावांचे दगड दाटीने उभे आहेत. रशियन विचारवंत अलेक्सांद्र हर्झेन याचेही थडगे तेथेच आहे. चेखव्ह हा स्वतः वैद्य असलेला आणि क्षयाने ग्रासलेला लेखक नीसमध्ये हिवाळा काढून गेला. ही दफनभूमी पाहिल्याशिवाय नीस पाहिले असे म्हणू नये.

मग उन्हाळा आला कोठून? पहिल्या महायुद्धाने रशियन व जर्मन खानदानी पाहुणे नाहीसे केले. त्याच सुमारास सूर्यप्रकाश आरोग्याला पोषक असतो हे मत वैद्यकात रुजले आणि उन्हाने रापलेली कातडी, जी तोवर शेतमजुरीची खूण होती, ती सुखवस्तूपणाची खूण बनली. १९२३ मध्ये जेराल्ड व सारा मर्फी या अमेरिकन दांपत्याने नीसपासून वीसेक किलोमीटरवरील आंतीबच्या भूशिरावर एका हॉटेलमालकाला उन्हाळाभर हॉटेल उघडे ठेवायला राजी केले; त्यांच्या मित्रमंडळींत पिकासो आणि स्कॉट फिट्झजेराल्ड होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी किनाऱ्यावरील हॉटेले उन्हाळ्यातही उघडी राहू लागली. तरीही निर्णायक बदल चित्रकार-लेखकांनी घडवला नाही, कायद्याने घडवला. जून १९३६ मध्ये लेआँ ब्लुम यांच्या 'पॉप्युलर फ्रंट' सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि लेओ लाग्रांज यांच्या पुढाकाराने रेल्वेच्या भाड्यात चाळीस टक्के सवलत मिळू लागली. ज्यांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता अशी असंख्य कुटुंबे किनाऱ्यांकडे निघाली. हिवाळी नीस मूठभरांचे होते, उन्हाळी नीस सर्वांचे झाले. शहराच्या इतिहासातील सर्वांत अभिमानास्पद घटना हीच मानायला हवी.

आता ज्या समुद्रासाठी लोक येतात त्याविषयी. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोल गुळगुळीत करडे-पांढरे गोटे आहेत. व्हार आणि पायाँ या नद्यांनी आल्प्समधील चुनखडक फोडून, घासत, लोळवत हे गोटे समुद्रापर्यंत आणले. पायाँचा शहरातला प्रवाह एकोणिसाव्या शतकापासून टप्प्याटप्प्याने झाकण्यात आला आणि २०१३ पासून त्यावर लांबलचक उद्यान आहे; व्हारच्या पात्रातही माणसाने बराच हस्तक्षेप केला आहे. त्यामुळे गोट्यांचा नैसर्गिक पुरवठा आटला असून लाटांनी वाहून नेलेल्या गोट्यांची भरपाई महापालिकेला कित्येक दशकांपासून बाहेरून गोटे आणून करावी लागते. अनवाणी चालणे येथे यातनामय असते, म्हणून पाण्यात चालणारे रबरी बूट जवळ असावेत.

किनारा उतरतोही झपाट्याने. सामान्यतः खंडाच्या कडेला उथळ पाण्याखालची एक रुंद पायरी असते, तिला समुद्रबूड जमीन म्हणतात; नीसजवळ ती अतिशय अरुंद आहे आणि काही किलोमीटरांतच समुद्र हजार मीटरहून खोल जातो. ऑक्टोबर १९७९ मध्ये विमानतळालगत भर घालून चाललेल्या बांधकामाचा भाग समुद्रात घसरला आणि उठलेल्या लाटेत काही जणांचे प्राण गेले, तो या उताराचाच धडा होता. पोहणाऱ्याने दोन-चार पावलांतच तळ सुटतो हे ध्यानात ठेवावे. जीवरक्षकांचे बावटे पाहावेत: हिरवा असेल तर हरकत नाही, पिवळा असेल तर सावधगिरी बाळगावी, लाल असेल तर पाण्यात मुळीच उतरू नये. जांभळट रंगाची, डंख करणारी एक जेलीफिश कधीकधी थव्याने किनाऱ्याशी येते, त्याबद्दल तेथेच चौकशी करावी.

भरती-ओहोटीचा फरक येथे वीस-तीस सेंटिमीटरांपलीकडे जात नाही, कारण भूमध्य समुद्र अटलांटिकला फक्त जिब्राल्टरच्या चौदा किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीने जोडलेला आहे आणि महासागराची मोठी भरती त्या अरुंद दारातून आत शिरू शकत नाही. शिवाय नद्या आणि पाऊस जेवढे पाणी आणतात त्याहून अधिक पाणी बाष्प होऊन जाते व पाण्याचा खारेपणा वाढून दर लिटरमागे अडतीस ग्रॅमच्या आसपास राहतो, त्यामुळे अंग पाण्यावर सहज तरंगते. ज्या निळाईवरून स्तेफेन लिएजार या लेखकाने १८८७ मध्ये या पट्टीला 'कोत दाझ्यूर', म्हणजे निळा किनारा, हे नाव दिले, ती निळाई पाण्याच्या दारिद्र्यातून आलेली आहे: या समुद्रात पोषक क्षार कमी, म्हणून पाण्याला हिरवट करणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक कमी, आणि म्हणून प्रकाश खोलवर जाऊन निळा होऊन परततो. मेमध्ये पाणी सतरा-अठरा अंशांवर असते आणि बोचते. जूनच्या मध्यास ते वीस-एकवीस अंशांवर येते आणि ऑगस्टमध्ये चोवीस-पंचवीसवर जाते. २०२२ च्या उन्हाळ्यात पश्चिम भूमध्य समुद्र याहूनही पुष्कळ तापला आणि तळाजवळच्या पंख्यासारख्या प्रवाळांची मोठी हानी झाली. ही वाढती उष्णता पाहता ऐन उन्हाळ्याऐवजी त्याच्या आरंभी जाण्याचा सल्ला दरवर्षी अधिक रास्त ठरत आहे.

किनाऱ्याच्या काही भागावर खासगी चालकांच्या छत्र्या आणि पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या आरामखुर्च्या मांडलेल्या दिसतात, पण फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सरकारी, म्हणजे जनतेच्या मालकीचा आहे. हे तत्त्व १६८१ च्या राजाज्ञेइतके जुने असून १९८६ च्या किनारा कायद्याने ते दृढ केले. पाण्यालगतची पट्टी कोणालाही चालण्यासाठी खुली असते आणि सार्वजनिक भागात चादर अंथरून बसायला एक पैसाही लागत नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी जुने नीस आहे: अरुंद बोळ, उंच घरे, बरोक शैलीची चर्चे आणि फ्रेंचबरोबर 'निसार' या ऑक्सितान कुळातील स्थानिक बोलीतही लिहिलेल्या रस्त्यांच्या पाट्या. कूर सालेया या लांबट चौकात सकाळी फुलांचा आणि भाजीचा बाजार भरतो, सोमवारी मात्र तेथे जुन्या वस्तू विकतात. मे-जूनमध्ये कोवळे पावटे, लहान जांभळी आर्टिचोक आणि झुकिनीची पिवळी फुले येतात. ही फुले पिठात बुडवून तळतात, आणि मराठी माणसाला भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 'सोक्का' हा येथील गरिबांचा पदार्थ: हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्ह तेल एकत्र करून तांब्याच्या मोठ्या परातीत ओततात व लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून मिरपूड घालून तो गरमच खायचा असतो. नीसच्या नावाने जगभर मिळणाऱ्या सॅलडमध्ये उकडलेला बटाटा घालणे जुन्या वळणाचे नीसकर मान्य करत नाहीत. टोमॅटो, अँचोव्ही मासा, उकडलेले अंडे, ऑलिव्ह आणि कच्च्या भाज्या हाच त्यांचा पाठ, आणि तेच मिश्रण गोल पावात भरले की 'पाँ बान्या' होते. शाकाहारी माणसाची सोक्कावर उत्तम सोय होते.

चित्रकार आंरी मातीस डिसेंबर १९१७ मध्ये येथे आला तेव्हा सलग पाऊस पडत होता. तो उघडला आणि येथल्या प्रकाशासाठी मातीस मुक्कामी राहिला. आधी कूर सालेयाच्या टोकाच्या घरात, पुढे सिमिएवरील त्याच 'रेजिना' इमारतीत त्याने काम केले. १९५४ मध्ये तो नीसमध्येच वारला आणि सिमिएच्या दफनभूमीत पुरला गेला. जवळच्या सतराव्या शतकातील हवेलीत १९६३ पासून त्याचे संग्रहालय आहे, तर त्याच टेकडीच्या उतारावर १९७३ मध्ये उघडलेले शागाल या चित्रकाराचे संग्रहालय आहे. सिमिएच्या बागेत मे महिन्यातील रविवारी स्थानिक नृत्य-गाण्यांचा जुना उत्सव होतो, २१ जूनला देशभरचा संगीतदिन रस्त्यारस्त्यांवर साजरा होतो, आणि जूनच्या अखेरीस संत पीटरच्या सणाला कोळी बांधव मिरवणूक काढून किनाऱ्यावर एक होडी जाळतात.

जाण्याच्या वेळेबाबत मात्र नेमकेपणाने बोलता येते. मेच्या मध्यास शेजारच्या कान शहरात चित्रपट महोत्सव असतो आणि मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी मोनाकोत मोटारींची शर्यत, त्या दिवसांत खोल्यांचे भाडे अवाच्या सवा चढते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फ्रान्समधील शाळांना सुटी लागते आणि त्यानंतर दोन महिने किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे पाणी पोहण्याइतके कोमट, बाजार ताज्या भाज्यांनी भरलेला आणि संग्रहालये निवांत असे तीन आठवडे हाती उरतात, ते म्हणजे जूनच्या सात-आठ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे. ज्याला नीस पाहायचे आहे त्याने तिकीट याच दिवसांचे काढावे.